चार कागदी भिंतींचा पंखा

४ नोव्हेंबर

चि. भिंगरीस आशीर्वाद.

उत्तराला फार उशीर झाला, मामावर रागावू नकोस. तुझं पत्र, त्यातलं धूर गाळायच्या पेटीचं चित्र आणि तिच्यासाठी चार कागदी फिल्टरांचं पार्सल येऊन एकोणीस दिवस झाले. पार्सल मी कपाटावर ठेवलं आणि रोज खालून त्याच्याकडे बघत राहिलो. उघडायचा धीर होईना. चारच फिल्टर आहेत, एक चुकीचा कापला गेला तर काय, चिकटपट्टी वाकडी लागली तर काय, पंखा तापून पेटला तर काय. मी चौथी शिकलेला माणूस. चाळीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुतल्या, यंत्राच्या नावाने मला तिथला पिळण्याचा पिंप तेवढा ठाऊक.

पण आता उघडावंच लागेल. तुला सगळं सांगितलं नव्हतं, आज सांगतो. वस्तीमागे कचऱ्याचा डोंगर आहे, तो दोन महिन्यांपासून आतून धुमसतोय. बंब येतात, पाणी मारून जातात, दुसऱ्या दिवशी पुन्हा धूर. तुझ्या मामीची छाती आधीच नाजूक. डॉक्टरांनी तिला एक नळी फुंकायला दिली आहे, जोरात फुंकलं की काटा सरकतो. धूर सुरू व्हायच्या आधी काटा अडीचशेवर जायचा, आता एकशे ऐंशी. डॉक्टर म्हणाले, दहा डिसेंबरला पुन्हा बघू. दोनशेच्या वर आला तर इथेच राहा, नाहीतर धूर विझेपर्यंत हिला इथून हलवा.

हलवायचं म्हणजे लेकीकडे. तिचं गाव उंचावर आहे, हवा चांगली. पण तिच्या घरात एकच जास्तीची खाट मावते, तीही दार अर्धं अडवून. म्हणजे मामी तिकडे आणि मी इथे. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, चार दिवसांपेक्षा जास्त आम्ही वेगळे राहिलेलो नाही. आणि माझे कान तर तुला माहीतच आहेत. दार कुणी वाजवलं, दूध उतू गेलं, हे मला तीच सांगते. फोनवरसुद्धा तीच ऐकते आणि मग माझ्या तोंडासमोर येऊन मोठ्याने सांगते. तिच्याबद्दल तुझ्याशी फोनवर बोलायचं तरी कसं? म्हणून ही पत्रं. तूही याबाबत फोन करू नकोस.

आता विचारतो. फिल्टरच्या चौकटीवर बाण आहे तो आत की बाहेर? पंखा दिवसभर चालला तर चालेल का? आणि मधे फटी राहिल्या तर अगदीच वाया जाईल का?

तुझा मामा

---

८ नोव्हेंबर

मामा, नमस्कार.

एकोणीस दिवस कपाटावर! मी इथे रोज वाट बघत होते, तुम्ही पेटी बांधून शेजाऱ्यांना दाखवत असाल म्हणून. शाळेत मला मोटारी-पंखे शिकवायला ठेवलंय, आणि माझ्याच मामाला पंख्याची भीती. मुलांना कळलं तर माझा तास बंद पडेल.

फिल्टर कापायचेच नाहीत, मामा. चार फिल्टर म्हणजे चार भिंती. उभे करा, कडेला कड लावा, चौकोन होईल. बाण सगळे आतल्या बाजूला. खाली पुठ्ठा, वर तुमचा खिडकीतला चौकोनी पंखा, तोंड वर करून, म्हणजे तो आतली हवा ओढून वर फेकेल. बाहेरची हवा आत यायला कागदातूनच वाट काढते, धूळ-धूर कागदात अडकतो. एवढीच जादू. फटी मात्र सगळ्या चिकटपट्टीने बंद करा. हवेला आळशी माणसासारखी सोपी वाट लागते, फट दिसली की ती कागदातून कशाला जाईल? पंख्याच्या तोंडावर चारी कोपरे झाकणारा पुठ्ठा लावा, मधे गोल भोक ठेवा. हे विसरू नका.

दिवसभर चालू द्या. तासाभराने मोटारीला हात लावून बघा, कोमट असली तर ठीक. दारं-खिडक्या लावून घ्या आणि पेटी मामीच्या खाटेजवळ ठेवा, कोपऱ्यात कोंबू नका. कागद काळे पडले की कळवा, नवे पाठवते.

आणि दहा तारखेचं एवढं मनावर घेऊ नका. काटा वर येईल.

तुमची भिंगरी

ता. क. बांधताना मामीला चिकटपट्टी धरायला द्या. तुमचा हात थरथरतो, तिचा नाही.

---

१५ नोव्हेंबर

चि. भिंगरीस आशीर्वाद.

झाली! तुझी मामी म्हणते, "घरात पाळणा हलला तेव्हा एवढा आनंद नव्हता झाला तुम्हाला." मी म्हटलं, "तेव्हा मला बांधायला कुठे सांगितलं होतं?" तिने चिकटपट्टी धरली आणि मी दाबली. एक फिल्टर उलटा लागला होता, बाण बाहेर. तिनेच पकडला. दोन दिवस मी त्याच चुकीचा विचार करत होतो, तिने पाहिलं नसतं तर?

पंखा लावला की पेटी घरघरते म्हणे, मला ऐकू येत नाही, हात ठेवला की कळते. वरून येणारी हवा गार लागते. मोटार मी तासाभराने नाही, पाव तासाने बघतो. कोमट असते.

दोन दिवसांतच कागद राखाडी झाले, तिसऱ्या दिवशी काळपट. मी हादरलो. हे सगळं आजवर आमच्या छातीत जात होतं! पण तू काळजी करू नकोस, नवे पाठवायचा त्रास घेऊ नकोस. तुझ्या मामाच्या हाताखाली डाग टिकत नाही. रोज एक भिंत मी साफ ठेवतो, आळीपाळीने. पेटी अगदी नव्यासारखी आहे, येशील तेव्हा बघ.

मामीचा खोकला कमी झालाय. मी मुद्दाम लक्ष ठेवून असतो. तिचे खांदे हलले की मला कळतं. तीन दिवस झाले, खांदे हलताना दिसले नाहीत. दुपारी बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडून असते, शांत.

नळी फुंकून बघ म्हणतो तर म्हणते, "डॉक्टरांसमोरच फुंकेन, तुमच्यासमोर फुंकायला मी काय भोंगा आहे?" तेवढं सोडलं तर सगळं ठीक. पण दहा तारखेचा घोर काही जात नाही. कॅलेंडरकडे मी पाठ करून बसतो आणि तरी मान वळते.

तुझा मामा

---

१९ नोव्हेंबर

मामा,

शाबास! उलट्या बाणाचं दुःख सोडा, पहिल्यांदा माझ्याही हातून दोन उलटे लागले होते, आणि मी शिकवते हो.

घाईत लिहितेय, परीक्षा चालू आहेत. मोटारीला पाव तासाने हात लावू नका, ती लाजेल. खोकला कमी झालाय हे वाचून बरं वाटलं. पेटी स्वच्छ ठेवता हेही छान, वरची धूळ पुसत राहा.

भिंगरी

---

२६ नोव्हेंबर

चि. भिंगरीस आशीर्वाद.

माझ्या हातून काहीतरी चुकतंय, पण काय ते कळत नाही. तू सांग.

पेटी चालू आहे, फटी नाहीत, मी मेणबत्ती फिरवून बघितल्या. तरी परवा मामीने खिडकीच्या काचेवर बोट फिरवून मला दाखवलं, आतल्या बाजूने काळं. पूर्वी तीन दिवसांत कागद काळे व्हायचे, आता काळे होतच नाहीत. मला आधी वाटलं, हवा सुधारली. मग काच बघितली. धूर मग जातो कुठे?

मी एकावर एक दोन जुन्या चादरी बांधून बघितल्या, बाहेरून. मोटार इतकी तापली की वास आला. वास मला आला, आवाज मामीला आला, दोघं मिळून पंखा बंद केला. चादरी काढल्या.

म्हणशील, कागद नीट राखले नसतील. छे. रोज सकाळी एक फिल्टर काढतो, कोमट पाण्यात साबण विरघळवून त्यात बुडवतो, हलक्या हाताने दाबतो, घासत नाही. तीन पाण्यातून काढतो. शेवटच्या पाण्यात थेंबभर नीळ. उन्हात वाळवतो, तोवर त्या जागी उशीचा अभ्रा ताणून लावतो. पुठ्ठ्याची चौकट भिजून लुळी पडते, तिला कापडाची पट्टी चिकटवली आहे. इस्पितळात शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या चादरीसुद्धा मी याहून जास्त जपून धुतल्या नसतील. काल नीळ संपली, मागवली आहे.

मग चुकतंय कुठे? पंखा जुना आहे म्हणून? की फिल्टर याहून जाड हवा होता? चौदा दिवस राहिलेत. मामी आता दुपारीच नाही, सकाळीही भिंतीकडे तोंड करून पडते. विचारलं तर हात हलवून म्हणते, काही नाही.

लवकर लिही.

मामा

---

२९ नोव्हेंबर

मामा,

तुमचं पत्र वाचलं आणि हातातला पाना खाली पडला.

तुम्ही फिल्टर धुता?

तुमच्यावर नाही, मी स्वतःवर चिडले आहे. माझ्या एकाही पत्रात ही ओळ नाही, कारण ते कुणी धुवेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुमच्या हातांना काही मळकं ठेवायची सवयच नाही, हे मला सुचायला हवं होतं. एकोणीस तारखेला तर मी "स्वच्छ ठेवता हे छान" असं वर लिहून मोकळी झाले.

ऐका. त्या कागदाच्या धाग्यांत किंचित वीज साठवलेली असते. कोरड्या केसांतून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे कसे ओढतो, तसे ते धागे धुराचे बारीक कण ओढून घेतात. साबणाच्या पाण्याने ती वीज गेली. कागद पांढरा राहिला, कारण आता तो काही धरतच नाही. काळा पडलेला कागद मळलेला नसतो, मामा, काम करत असतो. त्याला हात लावायचा नाही. फारच भरला, हवा कमी लागायला लागली, की काढून टाकायचा आणि नवा लावायचा. पाणी नाही, ब्रश नाही, झटकणंसुद्धा नाही.

चार नवे फिल्टर याच टपालाने पाठवतेय. आले की त्याच दिवशी बदला. जुने फेकून द्या, जपून ठेवू नका, मला तुम्ही माहीत आहात.

आणखी एक, हे लिहू की नको असं झालंय. तुम्ही नको म्हटलं होतं तरी काल मी फोन केला, मामीशी बोलले, म्हटलं सहज. दहा मिनिटांत ती सहा वेळा थांबली. फोन दूर धरून खोकत होती, तरी मला ऐकू आलं. तिचे खांदे हलत नाहीत म्हणून खोकला गेला असं समजू नका.

भिंगरी

---

२ डिसेंबर

चि. भिंगरीला मामीचे आशीर्वाद.

तुझ्या मामांना मी दुकानात पाठवलंय, नीळ आणायला. तिची आता गरज नाही हे त्यांना माहीत आहे, मलाही. पण त्यांनी आधीच सांगून ठेवली होती, दुकानदाराला नको कसं म्हणायचं असं त्यांना वाटतं. तेवढ्यात लिहिते. फोनवर बोलले तर ते समोर बसून माझे ओठ बघतात.

तुझं पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं, शेवटचा भाग सोडून. तो मी ते आंघोळीला गेल्यावर वाचला. धुण्याचं वाचून ते तासभर मोरीत नुसते उभे होते, हातात काही नव्हतं. फिल्टर धुताना किती खुशीत असायचे, काय सांगू! निवृत्त झाल्यापासून त्यांना असं कामात रमलेलं मी पाहिलं नव्हतं. मला शंका होती बघ. चूल फुंकणाऱ्या बाईला धूर कळतो. पण मी म्हटलं नाही. वाटलं, यातून बरं वाटतंय तर वाटू दे. त्यातच तीन आठवडे गेले, ही माझी चूक.

खोकला मी त्यांच्यापासून लपवला. भिंतीकडे तोंड केलं, उशी छातीशी धरून दाबली की खांदे हलत नाहीत. त्यांना ऐकू येत नाही याचा फायदा घेतला, असं म्हण. देव मला माफ करो.

आता खरं सांगते. मला लेकीकडे जायचंय. थकले गं. पायऱ्या चढून पाणी आणलं की पाच मिनिटं बसावं लागतं. पण त्यांना मी कसं सांगू? त्यांनी ती पेटी बांधली ती मला इथे ठेवायलाच. मी जाते म्हटलं तर त्यांना वाटेल पेटी हरली, आणि ते हरले. तूच सांग त्यांना. तुझं ते ऐकतात, म्हणजे वाचतात.

तुझी मामी

त्यांना एकटं ठेवायचं म्हटलं की मला घाबरायला होतं, हेही लिहून ठेवते.

---

१३ डिसेंबर

चि. भिंगरीस आशीर्वाद.

उत्तराला पुन्हा उशीर झाला, माफ कर. यावेळी कपाटावर ठेवून नाही. हात रिकामा नव्हता आणि नंतर मन लागत नव्हतं.

तुझं सहा तारखेचं पत्र मिळालं. तू ते नीट लिहिलंस, मामीने काय लिहिलं ते शब्दशः न सांगता जेवढं सांगायला हवं तेवढं सांगितलंस. मी ते घडी करून खिशात ठेवलं. मग दुपारी ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, तेव्हा मी तिच्या पाठीवर हात ठेवला. नुसता ठेवला. पेटीवर हात ठेवून घरघर कळते तशी तिच्या पाठीतली घरघर कळली. इतके दिवस लांबून खांदे बघत बसलो होतो.

म्हटलं, "लेकीकडे जा."

ती उठून बसली. म्हणाली, "इतकी घाई झाली का मला घालवायची?"

म्हटलं, "हो. उद्या गेलीस तरी चालेल."

"आणि दूध उतू गेलं तर?"

"जाऊ दे. समोर बसून बघेन."

"दार वाजलं तर?"

"उघडंच ठेवेन. नाही, धूर येईल. शेजारणीला सांगेन, खिडकीच्या काचेवर टकटक नको, समोर येऊन हात हलव."

मग ती हसली, आणि हसताना खोकली, माझ्यासमोर, तोंड न फिरवता. कितीतरी वेळ. मी पाठ धरून बसलो.

दहा तारखेला डॉक्टरांकडे गेलो. काटा एकशे सत्तर. तुझे नवे फिल्टर लावून पाच दिवस झाले होते, पण डॉक्टर म्हणाले, छाती अशी पाच दिवसांत निवत नाही, हिला आता धुरापासून लांबच नेलं पाहिजे. पेटीचं नाव मी काढलं नाही. निघताना मामीनेच त्यांना म्हटलं, "यांनी घरी एक पेटी केलीय हो, उत्तम चालते." डॉक्टरांनी मान हलवली. जिन्यात मी तिला म्हटलं, "कशाला सांगितलंस?" तर म्हणे, "उगीच का, मी चिकटपट्टी धरली होती."

काल तिला गाडीत बसवलं. जावई घ्यायला आला होता. खिडकीशी बसून ती काहीतरी बोलली, दोन-तीन वाक्यं. गाडी सुरू झाली होती, ओठ मला नीट दिसले नाहीत. काय म्हणाली ते कळलं नाही. मी मान डोलावली. आता त्यावरच डोकं फिरलंय. औषधाचं काही असेल तर? काही आणायला सांगितलं असेल तर? जावयाला विचारावं तर तो गाडी हाकत होता, त्याचं लक्ष कुठे असेल.

पेटी चालू आहे. कागद काळे झालेत, मी हात लावलेला नाही, शपथ. दिवसातून चार वेळा नुसता बघतो. खोलीतली हवा आता खरोखर चांगली आहे, काच पुसली होती ती स्वच्छ राहिली आहे. आणि एवढी हवा घ्यायला घरात एकटा मी. कालपासून मला ती घेववत नाही. बाहेर ओट्यावर जाऊन बसलो, तर शेजारीण येऊन ओरडली असेल, तिचे हात तसे हलत होते. आत येऊन बसलो.

आता तुझं काम सांगतो. लेकीचं गाव तुझ्याकडून तासाभरावर आहे. सुट्टी लागली की जा. मामीची पत्रं मला येतील, लेकीचीही येतील, आणि त्यांत दोघी लिहितील की सगळं ठीक आहे. मी त्यांच्यावर विश्वास ठेवणार नाही. फोन मला कामाचा नाही. तू जा, तिच्या शेजारी तासभर बस, तिला जिना चढू दे, आणि किती वेळा थांबली ते मोज. नळी तुझ्यासमोर फुंकायला लाव, भोंगा म्हणाली तरी. काटा एकशे सत्तरवर असेल तर एकशे सत्तरच लिही, मला बरं वाटावं म्हणून एकशे नव्वद लिहू नकोस.

आणि गाडी सुटताना ती काय म्हणाली, ते तिला विचार. मला ऐकू आलं नाही, असं सांगूनच विचार. मी उगीच मान डोलावली हेही सांग.

जे असेल ते लिही, आणि लवकर लिही. टपाल इथे सकाळी अकराला येतं. मी दारातच असतो.

तुझा मामा